गोळी घेण्याआधी बोलावे

एका घरातले दोन भाऊ एकाच वेळी जेवायला बसतात. वांग्याची भाजी एकाला गोड लागते. दुसऱ्याने तीच भाजी खाल्ली की त्याच्या अंगाला खाज सुटते. आपण म्हणतो, याला वांग्याचे वावडे आहे. वांग्यात दोष नाही, भावातही दोष नाही. पण दोघांचे पटत नाही.

औषधाचेही असेच आहे. शेजाऱ्याला ज्या गोळीने आराम पडला, तीच गोळी आपल्याला बाधू शकते. औषध बाधते ते मुख्यतः तीन कारणांनी. एक, त्या औषधाचे वावडे असते. दोन, शरीराची स्थितीच अशी असते की ते औषध त्या माणसाला वर्ज्य ठरते. तीन, दोन औषधांचे एकमेकांशी पटत नाही. ही तिन्ही कारणे आपण एकेक करून समजून घेऊ.

वावडे

पेनिसिलीन हे मोठे गुणकारी औषध. ते आपल्या देशात तयार व्हावे म्हणून पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ साली सरकारी कारखाना निघाला. या औषधाने कितीतरी माणसांचे प्राण वाचले. पण थोड्या माणसांना त्याचे वावडे असते. सुई टोचल्यावर काही मिनिटांतच अंगावर गांधी उठतात. ओठ व डोळे सुजतात. श्वास कोंडतो, चक्कर येते. अशा वेळी लगेच उपचार झाला नाही तर माणूस दगावतो.

'मागच्या खेपेला तर काही झाले नव्हते', असे पुष्कळ जण म्हणतात. पण वावडे पहिल्याच वेळी दिसते असे नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वेळीही ते उमटते.

काही गोळ्यांत सल्फा नावाचे औषध असते. त्याचे वावडे कधी काही दिवसांनी दिसते. ताप येतो, अंगावर पुरळ उठते, तोंडात फोड येतात, कातडी सुटू लागते. असे दिसले तर पुढची गोळी घेऊ नये. तडक दवाखाना गाठावा.

म्हणून गावात फिरणाऱ्या कोणाकडूनही सुई टोचून घेऊ नये. सुई दवाखान्यातच घ्यावी आणि अर्धा तास तिथेच बसावे. वावडे उठलेच तर ते उतरवणारे औषध डॉक्टरांच्या हाताशी असते. साप चावल्यावर देतात ते औषध घोड्याच्या रक्तापासून काढतात. तेही काहींना बाधते. पण म्हणून ते टाळू नये. डॉक्टर जवळ असले म्हणजे बाधा आवरता येते. विष मात्र थांबत नाही.

वर्ज्य

गडचिरोली जिल्हा १९८२ साली चंद्रपुरातून वेगळा झाला. पण जंगल दोन्हीकडे आहे, आणि जंगलाबरोबर हिवतापही आहे. भामरागड, एटापल्ली, धानोरा, कोरची या भागांतल्या माणसांना तो काय आहे हे सांगायला नको.

हिवतापाच्या एका प्रकाराला व्हायवॅक्स म्हणतात. त्याचे जंतू रक्तात असतात, तसेच यकृतात म्हणजे काळजातही लपून बसतात. क्लोरोक्विनची गोळी तीन दिवस देतात. तिने रक्तातले जंतू मरतात व ताप उतरतो. लपलेल्या जंतूंसाठी प्रायमाक्विन नावाची गोळी चौदा दिवस देतात. ताप उतरला म्हणून ती मध्येच सोडली, तर लपलेले जंतू पुन्हा बाहेर येतात आणि ताप परत येतो.

आता हीच प्रायमाक्विन काही माणसांना बाधते. आपल्या रक्तात तांबड्या पेशी असतात. त्यांना जपणारा एक पदार्थ पेशींतच असतो. त्याचे नाव जी-सिक्स-पीडी. काही माणसांत तो जन्मापासून कमी असतो. एरवी त्यांना काही जाणवत नाही. ती शेतात राबतात, तेंदूपत्ता तोडतात. पण प्रायमाक्विन पोटात गेली की त्यांच्या तांबड्या पेशी फुटू लागतात. हे असे का होते याचा शोध अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी १९५६ साली लावला. ही उणीव आईकडून मुलात उतरते. बायांपेक्षा पुरुषांत ती जास्त आढळते. आपल्या भागातल्या काही कुटुंबांतही ती आहे.

पेशी फुटू लागल्याची खूण सोपी आहे. लघवी काळ्या चहासारखी होते. डोळे पिवळे दिसतात. चालताना धाप लागते. बहुधा पहिल्या काही दिवसांतच हे दिसते. अशा वेळी गोळी थांबवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात जावे. उद्या बघू म्हणू नये.

गरोदर बाईला आणि तान्ह्या लेकराला प्रायमाक्विन देत नाहीत. त्यांचा हिवताप दुसऱ्या औषधांनी बरा करतात. म्हणून पाळी चुकली असेल तर ते आशाताईला आधीच सांगावे. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

सिकलसेल हा रक्ताचा वेगळा आजार. तोही आपल्याकडे पुष्कळ आहे. त्याच्या काही रोग्यांना हायड्रॉक्सीयुरिया नावाचे औषध देतात. गरोदरपणात तेही वर्ज्य आहे. मूल हवे असेल तर नवरा-बायकोने आधी डॉक्टरांशी बोलावे.

न पटणारी जोडी

क्षयरोगाच्या गोळ्यांत रिफाम्पिसिन असते. ती चालू असताना माला-एनसारख्या पाळणा लांबवणाऱ्या गोळ्यांचा जोर कमी पडतो. गोळी रोज घेऊनही दिवस जाऊ शकतात. अशा बाईने नर्सबाईंना विचारून दुसरा उपाय घ्यावा. क्षयाची गोळी मात्र सोडू नये.

क्षयाच्या गोळ्या आणि मोहाची दारू यांचेही पटत नाही. दोन्हींचा मार काळजावरच बसतो. कावीळ होते.

रिफाम्पिसिनने लघवी नारिंगी होते. तिला भिऊ नये, तो औषधाचा रंग आहे. हिवतापाच्या गोळीने लघवी काळी झाली, तर तो धोका आहे. हा फरक घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवावा.

कधी एकच औषध दोन नावांनी घरात येते. तापाची गोळी पॅरासिटामॉलची असते. अंगदुखीच्या पुष्कळ गोळ्यांतही पॅरासिटामॉल असते. दोन्ही घेतल्या तर मात्रा दुप्पट होते आणि काळीज बिघडते.

रक्तवाढीची लोहाची गोळी चहाबरोबर घेतली तर अंगी लागत नाही. गोळी आणि चहा यांत दोन तासांचे अंतर ठेवावे.

काय सांगावे?

हे वाचून औषधाची धास्ती घेऊ नये. हिवताप आणि क्षय यांनी माणसे मरतात, आणि औषधाने ती वाचतात. पण देणाऱ्याला आपली माहिती नसेल, तर तो तरी काय करील? म्हणून गोळी हातात घेण्याआधी पाच गोष्टी सांगाव्या :

१. पूर्वी कोणत्या औषधाने अंगावर उठले, सूज आली किंवा धाप लागली.
२. आपल्याला किंवा आई-मामा-भावंडांना हिवतापाच्या गोळीने काळी लघवी झाली होती का.
३. पोटात मूल आहे का, अंगावर पिते लेकरू आहे का.
४. सिकलसेल, कावीळ किंवा दुसरा जुना आजार आहे का.
५. सध्या काय काय चालू आहे. यात पुजाऱ्याने दिलेली जडीबुटी आणि दारूही आली. जडीबुटी हेही औषधच आहे. ते लपवू नये.

प्रायमाक्विन सुरू करण्याआधी जी-सिक्स-पीडीची तपासणी होऊ शकेल का, हेही विचारावे.

आता आपल्याला वाचता येते. त्याचा इथे उपयोग करावा. गोळीचे पाकीट फेकू नये. त्यावरचे नाव व तारीख पाहावी. नाव इंग्रजीत असेल तर आशाताईकडून किंवा शाळेत जाणाऱ्या लेकराकडून वाचून घ्यावे. मग आपल्या वहीत ते मराठीत लिहावे. एखादे औषध बाधले असेल तर त्याच्या नावाखाली जाड रेघ ओढावी. दवाखान्यात जाताना वही बरोबर न्यावी. रोगी बेशुद्ध असला, बोलू शकत नसला, तरी ती वही त्याच्या वतीने बोलेल.