पेटकर, मुरलीकांत राजाराम
(१ नोव्हेंबर १९४४ – ). भारतीय सेनादलातील मुष्टियोद्धा व अपंगांच्या ऑलिंपिक (पॅरालिंपिक) क्रीडासामन्यांत सुवर्णपदक मिळविणारा पहिला भारतीय खेळाडू. जन्म सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूर येथे. लहान वयातच ते सैन्यात दाखल झाले व पुढे विद्युत् आणि यांत्रिक अभियंता दलात (ई.एम.ई.) कारागीर म्हणून काम करू लागले. व्यावसायिक मुष्टियुद्धाला त्या काळी भारतात फारसा वाव नव्हता. नियमित सराव, सकस आहार आणि चरितार्थाची हमी या तिन्ही गोष्टी होतकरू मुष्टियोद्ध्यास मुख्यतः सेनादलांतच मिळत. पेटकरांची मुष्टियोद्धा म्हणून जडणघडणही तेथेच झाली.

१९६५ च्या भारत-पाकिस्तान युद्धात त्यांना अनेक गोळ्या लागल्या. एक गोळी पाठीच्या कण्यात रुतली व कमरेखालचे शरीर लुळे पडले. मुष्टियुद्धात ठोसा हाताने मारला जात असला, तरी त्यामागील जोर पाय व कंबर यांतून येतो आणि बचावही पदन्यासावरच अवलंबून असतो. त्यामुळे हा खेळ त्यांना कायमचा सोडावा लागला. उपचारांचा भाग म्हणून त्यांनी पोहण्यास प्रारंभ केला. पाण्यात शरीराचा भार पुष्कळसा पाण्यानेच पेलला जातो आणि गती मुख्यतः हात व खांदे यांच्या बळावर घेता येते.

कण्याला इजा झालेल्या सैनिकांसाठी लूटव्हिख गुटमान यांनी इंग्लंडमधील स्टोक मँडव्हिल येथे १९४८ मध्ये क्रीडास्पर्धा सुरू केल्या. त्यांतूनच पुढे पॅरालिंपिक सामने उदयास आले. तेल अवीव येथील १९६८ च्या सामन्यांत पेटकर टेबल-टेनिस खेळले. १९७२ चे सामने पश्चिम जर्मनीतील हायडल्‌बर्ग येथे झाले. त्यांत ५० मी. मुक्त शैलीच्या जलतरण शर्यतीत त्यांनी ३७.३३ सेकंदांचा जागतिक विक्रम नोंदवून सुवर्णपदक मिळविले. भालाफेक व चाकांच्या खुर्चीची अडथळ्यांची शर्यत यांतही त्यांनी भाग घेतला. पॅरालिंपिकमधील भारताचे पुढचे सुवर्णपदक २००४ मध्ये अथेन्स येथे देवेंद्र झाझडिया यांनी भालाफेकीत मिळविले.

सैन्यातून बाहेर पडल्यावर पेटकरांनी पुण्यात ‘टेल्को’ कारखान्यात दीर्घकाळ नोकरी केली. अर्जुन पुरस्कारासाठी त्यांनी १९८२ मध्ये केलेला अर्ज मान्य झाला नाही. अपंगांच्या क्रीडाकौशल्यास धडधाकट खेळाडूंच्या बरोबरीचे स्थान देण्याची दृष्टी तेव्हा रुजलेली नव्हती. पदकानंतर सेहेचाळीस वर्षांनी, २०१८ मध्ये, त्यांना ‘पद्मश्री’ देण्यात आली. २०२४ चा जीवनगौरवासाठीचा अर्जुन पुरस्कार त्यांना जानेवारी २०२५ मध्ये प्रदान करण्यात आला. त्यांच्या जीवनावर आधारलेला चंदू चँपियन हा हिंदी चित्रपट २०२४ मध्ये प्रदर्शित झाला.