रुळांवर मरणारा माणूस 'घुसखोर' कसा?

रेल्वेचे कर्मचारी सोडले, तर रुळांवर मेलेली दोनच प्रकारची माणसे रेल्वेच्या कायद्याला ओळखता येतात. एक प्रवासी आणि दुसरा ट्रेसपासर. खिशात तिकीट किंवा पास असलेला माणूस चालत्या गाडीतून पडून मेला तर तो प्रवासी. १९८९ च्या रेल्वे कायद्यातील कलम १२४-अ प्रमाणे त्याच्या वारसांना भरपाई मिळते, आणि त्यासाठी रेल्वेची चूक सिद्ध करावी लागत नाही. हाच माणूस गाडीतून उतरल्यावर घरी जाण्यासाठी रूळ ओलांडताना मेला, तर तो ट्रेसपासर. म्हणजे घुसखोर. कलम १४७ प्रमाणे तो गुन्हेगार ठरतो आणि कलम १२४-अ ची दारे त्याला बहुधा बंद होतात. माणूस तोच, पास तोच, घराकडे जाण्याची घाईही तीच. वकिलीच्या इतक्या वर्षांत हा फरक मृताच्या आईला समजावून सांगणे आम्हाला अजून जमलेले नाही.

मुंबई उच्च न्यायालयात २०२४ साली एक जनहित याचिका आली. २०२३ या एका वर्षात मुंबईच्या उपनगरी रेल्वेमार्गावर २,५९० माणसे मेली, असा आकडा त्या याचिकेत होता. म्हणजे रोज सात. प्रवाशांना जनावरांसारखा प्रवास करावा लागतो याची लाज वाटते, अशा शब्दांत मुख्य न्यायमूर्तींच्या खंडपीठाने तेव्हा संताप व्यक्त केला. त्याआधी २०१२ मध्ये डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील रेल्वे सुरक्षा समितीने देशभरातल्या अशा मृत्यूंना सरळ हत्याकांडच ठरवले होते. रेल्वे या मृत्यूंना अपघातही म्हणत नाही आणि 'ट्रेसपासिंग' या शब्दाआड ते झाकून टाकते, हे त्या समितीच्या लक्षात आले होते. समितीत चळवळीतले कोणी नव्हते. शास्त्रज्ञ आणि तंत्रज्ञ मंडळी होती. त्यांना दिसले ते योजना आखणाऱ्यांना का दिसू नये?

मरणाऱ्यांमध्ये सगळ्या जातीधर्मांचे लोक असतात, हे आम्ही मान्य करतो. लोकलच्या दारातली गर्दी जात विचारत नाही. पण पादचारी पूल कुठे आधी बांधायचा, कुठली वस्ती उचलून कुठे टाकायची, बस कुठल्या रस्त्याने न्यायची, हे निर्णय जिथे होतात तिथे कोण बसते आणि कोण बसत नाही? गोवंडी, मानखुर्द, कुर्ला, कळवा, मुंब्रा ही नावे रुळांवरच्या मृत्यूंच्या बातम्यांत पुन्हा पुन्हा का येतात? रुळाच्या एका बाजूला वस्ती, दुसऱ्या बाजूला शाळा, बाजार किंवा रिक्षा स्टँड, आणि पूल मात्र स्थानकाच्या टोकाला. डोक्यावर पाण्याचा हंडा घेतलेली बाई अर्धा मैल वळसा घालून पूल चढणार नाही, हे कळायला नगरनियोजनाची पदवी लागत नाही. एमयूटीपीच्या तिसऱ्या टप्प्यात या कामासाठी वेगळा निधी ठेवला, त्यातून भिंती आणि पूल उभारले गेले, हे खरे आहे आणि चांगलेही आहे. पण त्या कामाचे नाव काय, तर 'ट्रेसपास कंट्रोल'! माणूस वाचवायचा असे नाव नाही, घुसखोर आवरायचा असे नाव आहे. नावात काय आहे, असे आम्हाला कोणी विचारू नये. नावांनी काय होते हे आमच्या समाजाने हजारो वर्षे भोगलेले आहे.

हा घुसखोर तयार कसा होतो, ते पाहा.

१९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने ओल्गा टेलिस खटल्यात मुंबईच्या फुटपाथवासीयांबद्दल निकाल दिला. हा निकाल बहुतेकांना 'उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग' एवढ्या एका वाक्यापुरता ठाऊक असतो. त्याच निकालात आणखी एक गोष्ट आहे. गरीब माणूस फुटपाथवर राहतो तो हौसेने नव्हे, तर काम जवळ असते म्हणून, कारण लांबून येण्याजाण्याचा वेळ आणि खर्च त्याला झेपत नाही, हे न्यायालयाने नोंदवले होते. म्हणजे घर आणि प्रवास हा एकच प्रश्न आहे, हे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने चाळीस वर्षांपूर्वी ओळखले होते. (झोपड्या हटवायला मात्र त्याच निकालाने काही अटींवर परवानगी दिली. हाही इतिहास आहे.)

त्यानंतर काय झाले? जागतिक बँकेच्या कर्जातून मुंबई नागरी परिवहन प्रकल्प आला. लोकल वाढाव्यात, रस्ते व्हावेत, म्हणून रुळांलगतची आणि रस्त्यांच्या आड येणारी हजारो कुटुंबे उचलून मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाऊंडसारख्या, वाशीनाक्यासारख्या ठिकाणी २२५ चौरस फुटांच्या खोल्यांत नेऊन बसवली. पक्के घर मिळाले, हे आम्ही नाकारत नाही. रुळांपासून हाताच्या अंतरावर जगण्यापेक्षा ते बरेच, असे तिथले कितीतरी लोक सांगतात. पण काम जिथे होते तिथेच राहिले. कालपर्यंत चालत कामावर जाणारी बाई आज हार्बरच्या गर्दीत लोंबकळू लागली. रस्त्याने बाधित झालेल्यांनी २००४ मध्ये थेट जागतिक बँकेच्या तपासणी मंडळाकडे तक्रारी नेल्या, तेव्हा कुठे मार्च २००६ मध्ये बँकेने त्या भागाचे पैसे काही महिने रोखून धरले. आपल्या सरकारला आपल्याच माणसांचे ऐकू यावे म्हणून वॉशिंग्टनला अर्ज करावा लागला. प्रवास सोपा करण्यासाठी आखलेल्या योजनेने कित्येकांचा प्रवास लांबवला, आणि या विसंगतीचा हिशोब कुठल्याही प्रकल्प अहवालात खर्चाच्या रकान्यात दिसत नाही.

परळचे उदाहरण तर आणखी बोलके आहे. बाबासाहेब ज्या परळच्या बीआयटी चाळीत राहिले, त्या भागातला कामगार गिरणीत पायी जात असे. भोंगा झाला की निघायचे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बसल्या. पुढे त्या जमिनींवर कार्यालयांचे मनोरे उठले, मॉल आले. पायी येणाऱ्या कामगारांच्या जागी लोकलने येणारा नोकरदार वर्ग आला. गिरण्यांच्या जमिनीचा इंच न् इंच मोजून विकला गेला, पण एल्फिन्स्टन रोड स्थानकाचा जिना आणि पूल मात्र गिरण्यांच्या काळातलाच राहिला. जमिनीचा वापर बदलायला परवानगी देणारे एक खाते, स्थानक सांभाळणारे दुसरे, आणि दोघांनी एकमेकांना विचारायचे नाही! २९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी पाऊस आला, लोक पुलावर थांबले, आणि चेंगराचेंगरीत २३ माणसे गेली. नव्या पुलाची मंजुरी तेव्हा कागदावर होती. नंतर लष्कराला बोलावले, तर चार-पाच महिन्यांत पूल उभा राहिला. चार-पाच महिन्यांचे काम वर्षानुवर्षे कशासाठी अडले होते? स्थानकाचे नाव २०१८ मध्ये प्रभादेवी झाले. नाव बदलायला वेळ लागला नाही.

रेल्वे आणि आपला समाज यांचे नाते बाबासाहेबांनी फार आधी उलगडून दाखवले होते. १२ व १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाडला जीआयपी रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, हे त्यांचे विधान आपण जयंतीच्या व्याख्यानांत ऐकतो. पण त्याच भाषणात त्यांनी रेल्वेतल्या नोकऱ्यांचा हिशोबही मांडला होता. आपला माणूस रेल्वेत गँगमन म्हणून जन्म काढतो. त्याला साधा पोर्टरही करत नाहीत, कारण पोर्टरने स्टेशनमास्तरच्या घरची कामे करायची असतात आणि तिथे विटाळ आड येतो. रूळ आमच्या हातांनी बसवायचे, फलाटावर मात्र आम्ही उभे राहायचे नाही! आज तो विटाळ उघड बोलला जात नाही. पण रुळांवरचे शरीर आपले आणि आराखड्यावरची सही दुसऱ्याची, ही वाटणी किती बदलली, हे ज्याने त्याने आपल्या वस्तीपुरते तपासावे.

आता बस आणि मेट्रोबद्दल. मेट्रोला आमचा विरोध नाही. थंड डब्यातून कॉलेजला जाणाऱ्या आमच्या मुली पाहून आम्हालाही बरे वाटते. आरे ते कफ परेड ही ३३.५ किलोमीटरची भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाली. तिच्यावर ३७ हजार कोटींहून अधिक खर्च झाला. तिला कोणी तोटा म्हणत नाही, गुंतवणूक म्हणतात. बेस्टच्या बसवर पैसा घालायची वेळ आली की मात्र तोच पैसा तोटा होतो. २०१० च्या सुमारास बेस्टकडे चार हजारांहून जास्त बस होत्या. २०२५ मध्ये ठेकेदारांच्या धरूनही त्या तीन हजारांच्या आत आल्या होत्या. ठेकेदाराची बस, ठेकेदाराचा चालक आणि वर रंग बेस्टचा. ऑगस्ट २०२३ मध्ये या कंत्राटी चालकांनी पगारासाठी संप केला तेव्हा बसथांब्यांवर ताटकळलेला माणूस चालकालाच शिव्या देत होता. ठेकेदार त्याला दिसतच नव्हता.

मे २०२५ मध्ये बेस्टचे साध्या बसचे किमान भाडे पाच रुपयांवरून दहा झाले. वाचकहो, हा हिशोब करून पाहा. घरकाम करणारी बाई जाताना दोन बस, येताना दोन बस बदलते आणि सुटे तिकीट काढते. रोजचे वीस होते ते चाळीस झाले. महिन्याचे सव्वीस दिवस धरले, तर ५२० चे १,०४०. हे वरचे ५२० रुपये तिला कोण वाढवून देणार? मग ती एक बस सोडते, चालत निघते, आणि जवळचा रस्ता शोधते. जवळचा रस्ता बहुतेक वेळा रुळांवरून जातो.

९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळच्या वळणावर समोरासमोरून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांतली माणसे एकमेकांना घासून खाली पडली, मेली. त्यानंतर नव्या लोकलना आपोआप बंद होणारी दारे लावण्याची घोषणा झाली. दारे जरूर लावावीत. पण गर्दीच्या वेळी डब्यात एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ माणसे उभी असतात, हा रेल्वेच्याच लोकांनी दिलेला आकडा आहे. एक चौरस मीटर म्हणजे झोपायच्या सतरंजीची अर्धी जागा. या गर्दीवर दार बंद झाले, तर बाहेर राहिलेल्याचा लेटमार्क कोण माफ करणार? गाड्या वाढवल्याशिवाय आणि कामाच्या वेळा बदलल्याशिवाय नुसते दार बसवणे म्हणजे मरण डब्यातून काढून फलाटावर ठेवणे होईल.

मुंब्र्याच्या प्रकरणात रेल्वेच्या अभियंत्यांवर गुन्हे नोंदले गेले, त्याच्या निषेधार्थ ६ नोव्हेंबर २०२५ रोजी कर्मचाऱ्यांनी अचानक काम थांबवले. खोळंबलेल्या लोकलमधले प्रवासी उतरून रुळांवरून चालू लागले आणि सँडहर्स्ट रोडजवळ दुसऱ्या लोकलने त्यांना उडवले. दोन-तीन अभियंत्यांना पकडून हा प्रश्न सुटेल, असे आम्हाला वाटत नाही. तेही नोकरच आहेत. पण कायद्याच्या कसोटीवर विचारायचे, तर त्या दिवशी रुळांवर मेलेले लोक कोण होते? पास घेऊन डब्यात बसले तेव्हा प्रवासी, आणि गाडी पुढे जात नाही म्हणून खाली पाय टाकला तेव्हा घुसखोर?

काही वर्षांपूर्वी हार्बर लाइनवरच्या एका वस्तीतल्या ताई आमच्याकडे आल्या. मुलगा दारातून पडून गेला, त्याला तीन वर्षे झाली होती. "भाऊ, त्याचा पास सापडला नव्हता, म्हणून काही मिळत नाही असं सगळे म्हणाले," त्या म्हणाल्या. दाव्याची मुदत एक वर्षाची असते, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. उशीर माफ व्हावा म्हणून आम्ही अर्ज केला, पण कारण पुरेसे ठरले नाही. आमच्या वस्तीत दोन विहारे आहेत, दरवर्षी जयंतीला लाखोंचा मंडप पडतो, आणि ही एवढी माहिती त्या माउलीपर्यंत पोहोचली नाही. याचा दोष आम्ही दुसऱ्या कोणावर टाकत नाही.

म्हणून पुढचे बारकाईने वाचावे आणि रविवारी वंदनेनंतर विहारात वाचूनही दाखवावे. पास काढला की त्याचा फोटो घरातल्या दुसऱ्या माणसाच्या मोबाईलवर पाठवून ठेवा, कारण अपघातात पाकीट आणि मोबाईल दोन्ही हरवतात. प्रेताजवळ पास नव्हता एवढ्यावरून तो प्रवासी नव्हता असे ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या रीना देवी प्रकरणात स्पष्ट केले आहे. वारसाने सगळी हकीकत प्रतिज्ञापत्रावर द्यायची, मग तो प्रवासी नव्हता हे दाखवण्याची जबाबदारी रेल्वेवर येते. दारात उभा होता, निष्काळजी होता, एवढे म्हणूनही रेल्वेला सुटता येत नाही. आत्महत्या, नशा, स्वतःचा गुन्हा असे मोजकेच अपवाद कायद्यात आहेत. मृत्यूची भरपाई १ जानेवारी २०१७ पासून आठ लाख रुपये झाली आहे. पंचनाम्याची आणि शवविच्छेदन अहवालाची प्रत लगेच मागा. पंचनाम्यात 'रूळ ओलांडताना' असे शब्द असतील आणि तो गाडीतून पडला हे पाहणारे कोणी असेल, तर त्याचे नाव, पत्ता त्याच आठवड्यात लिहून घ्या. दावा रेल्वे दावा न्यायाधिकरणात करायचा असतो. घटनेच्या तारखेपासून एक वर्षाच्या आत.