वाचता येते, पण उमगते का?

जुन्नरच्या एखाद्या शाळेत नववीच्या मुलांपुढे फळ्यावर 'स्वादुपिंड' हा शब्द लिहा. सगळी मुले तो वाचतील. पण हा अवयव काय काम करतो, हे किती जण सांगतील? आरोग्य-साक्षरता मोजताना हीच अडचण येते.

आरोग्याविषयीची माहिती समजून घेणे, ती पारखणे आणि तिच्या आधारे निर्णय घेणे म्हणजे आरोग्य-साक्षरता. अमेरिकेत २००६ साली किशोरांसाठी केलेल्या एका चाचणीत ६६ शब्द मोठ्याने वाचायला देतात. इंग्रजीत स्पेलिंग आणि उच्चार यांचा मेळ नसतो. त्यामुळे सहसा ओळखीचा शब्दच बरोबर वाचला जातो. देवनागरीत अनोळखी शब्दही वाचता येतो. म्हणून अशा चाचणीचे नुसते भाषांतर आपल्या उपयोगाचे नाही.

२००५ सालच्या दुसऱ्या एका चाचणीत आइस्क्रीमच्या डब्यावरील पोषणतक्ता दाखवून ६ प्रश्न विचारतात. ही रीत आपल्याला जमण्यासारखी आहे. समजा, बिस्किटांच्या पुड्यावर '१०० ग्रॅममध्ये कर्बोदके ७५ ग्रॅम' असे छापले आहे. ४० ग्रॅम बिस्किटे खाल्ली, तर कर्बोदके किती? उत्तर ३० ग्रॅम.

पहिल्या प्रकारच्या मधुमेहात शरीराची संरक्षणयंत्रणाच स्वादुपिंडातील इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. अशा मुलाला रोज इन्सुलिन टोचून घ्यावे लागते. डॉक्टरांनी त्याला १५ ग्रॅम कर्बोदकांस १ युनिट असे प्रमाण ठरवून दिले असेल, तर वरील बिस्किटांसाठी २ युनिट लागतील. मात्रा जास्त झाली तर रक्तातील साखर घटते. घाम येतो, हातपाय थरथरतात, शुद्धही हरपू शकते.

मग मधुमेह असलेली मुले अधिक आरोग्य-साक्षर असतात का? सगळे प्रश्न इन्सुलिनवरच विचारले, तर ती पुढे राहणारच; पण तो अनुभव मोजला गेला. म्हणून जलसंजीवनीची पुडी किती पाण्यात घालावी, जाहिरातीतला दावा कसा तपासावा, असे प्रश्न दोन्ही गटांना सारखेच हवेत. वय, इयत्ता आणि घरची परिस्थितीही मिळतीजुळती हवी. शिवाय केवळ पुण्याच्या रुग्णालयात नियमित येणारी मुले निवडली, तर सुमारे ९० किलोमीटरवरच्या जुन्नरहून न पोहोचणारे मूल मोजणीतून सुटते. मदतीची गरज कदाचित त्यालाच सर्वाधिक असते.

शिक्षकांनी एवढे जरूर ध्यानात ठेवावे: मधुमेही विद्यार्थ्याला घाम सुटून थरथर होऊ लागली, तर त्याला ताबडतोब साखर द्यावी आणि एकटे सोडू नये. शुद्ध हरपली असेल, तर तोंडात काहीही न घालता लगेच दवाखान्यात न्यावे.