मोटारीभोवतीचा वारा आणि संगणकाचे उत्तर

हमरस्त्यावर वेगाने धावणाऱ्या मोटारीला अडविणारे प्रमुख बल म्हणजे समोरची हवा होय. समोरून दिसणारे क्षेत्रफळ २.२ चौरस मीटर आणि रोधगुणक ०.३० असलेली मोटार ताशी १०० किलोमीटर वेगाने जात असेल, तर हवेचा रोध सुमारे ३०५ न्यूटन भरतो व केवळ तो मोडून काढण्यास सुमारे साडेआठ किलोवॅट शक्ती खर्च होते. वेग दुप्पट झाला, की रोध चौपट होतो आणि लागणारी शक्ती आठपट. मोटारीचा आकार ठरविताना अभियंते हवेचा इतका विचार का करतात, हे यावरून ध्यानात येईल.

पूर्वी हा अभ्यास मुख्यतः वातविवरात, म्हणजे कृत्रिम वारा सोडलेल्या बोगद्यात, होत असे. आता त्याच्या जोडीला संगणक आला आहे. एखादा विद्यार्थीदेखील मोटारीचा आराखडा इंटरनेटद्वारे दूरच्या संगणकाकडे पाठवून तिच्याभोवतीच्या प्रवाहाचे गणित करवून घेऊ शकतो. परंतु कधी गणित मध्येच कोसळते, तर कधी सुबक रंगीत चित्र मिळते आणि त्यातील आकडा मात्र खोटा असतो. या दोन दोषांची कारणे वेगळी असतात आणि त्यांवरील उपायही वेगळे असतात. हा भेद कळण्यासाठी संगणक काय करतो ते प्रथम पाहिले पाहिजे.

मोटारीभोवतीच्या अवकाशाचे लक्षावधी लहान कप्पे पाडले जातात. या रचनेस जाळी म्हणतात. प्रत्येक कप्प्यात हवेचा वेग आणि दाब काढावयाचा असतो. अडचण अशी, की वेग काढण्यास दाब माहीत हवा. पण दाब सांगणारे स्वतंत्र समीकरण मात्र नसते. या अडचणीतून वाट काढणारी एक पद्धती सुहास पाटणकर यांनी ब्रायन स्पॉल्डिंग यांच्यासह १९७२ साली प्रसिद्ध केली. पुण्यात जन्मलेले पाटणकर पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे पदवीधर असून त्यांनी लंडनच्या इंपीरियल कॉलेजमध्ये संशोधन केले. त्यांची ही पद्धती ‘सिंपल’ या नावाने ओळखली जाते आणि मोटारींच्या वायुगतिकीतही ती आज सर्रास वापरली जाते.

या पद्धतीत दाबाचा एक अंदाज धरून वेग काढतात. मग प्रत्येक कप्प्यात शिरणारी आणि बाहेर पडणारी हवा सारखी आहे की नाही, हे तपासतात. तफावत असेल त्या प्रमाणात दाब दुरुस्त करून पुन्हा वेग काढतात. अशी शेकडो आवर्तने झाल्यावर समीकरणांतील उरलेली तफावत, म्हणजेच अवशेष, नगण्य होते. दुरुस्तीचे सूत्र सुटसुटीत करण्यासाठी शेजारच्या कप्प्यांचा एक वाटा त्यातून वगळलेला असतो. त्यामुळे दुरुस्ती गरजेहून मोठी निघते. ती जशीच्या तशी लावली, तर गणित भरकटते. म्हणून तिचा काही अंशच स्वीकारतात. या अंशास शिथिलन गुणक म्हणतात. दाबासाठी सुमारे ०.३ आणि वेगासाठी सुमारे ०.७ ही जोडी बरीच प्रचारात आहे.

गणित कोसळत असेल, तर हे गुणक काहीसे कमी करून पाहावेत. त्याआधी मात्र वेगाचा आकडा कोणत्या कप्प्यात सर्वप्रथम बेसुमार वाढला, हे शोधावे. पुष्कळदा तेथे एखादा तिरपा किंवा चपटलेला कप्पा सापडतो. चाक आणि जमीन यांच्यामधील चिंचोळी फट ही अशा कप्प्यांची हमखास जागा होय. तेथील जाळी सुधारणे हाच खरा उपाय. गुणक अतिशय लहान ठेवल्यास आवर्तनागणिक बदल इतका थोडा होतो, की गणित अपुरे असतानाही स्थिर झाल्याचा भास होतो.

शिथिलन गुणकाने वाट बदलते, मुक्काम बदलत नाही. मुक्कामच चुकला असेल, तर दोष अन्यत्र असतो आणि तो अधिक घातक असतो. कारण अवशेष खाली आलेले पाहून मनुष्य निश्चिंत होतो. मिलिमीटरमध्ये रेखाटलेला आराखडा संगणकाने मीटरमध्ये वाचला, तर चार मीटरांची मोटार चार किलोमीटरांची होते! अर्ध्या मोटारीचेच गणित करून संपूर्ण मोटारीचे क्षेत्रफळ वापरले, तर रोधगुणक निम्मा दिसतो. प्रत्यक्षात मोटारीच्या दृष्टीने रस्ताही वाऱ्याबरोबर मागे सरकत असतो; गणितात तो स्थिर ठेवला, तर तळाखालचा प्रवाह बिघडतो. चाके फिरती न ठेवल्यासही असेच घडते. गणिताची सीमा मोटारीच्या पाठीमागे फार जवळ घेतली, तर तेथील भोवरे मध्येच तुटतात.

याखेरीज प्रश्न असतो संक्षोभाचा. हवेतील बारीकसारीक भोवरे एकूण एक मोजणे व्यवहारात शक्य नसल्याने त्यांचा परिणाम अंदाजी सूत्रांनी धरतात. या सूत्रांची कसोटी पाहण्यास १९८४ साली अहमद, राम आणि फाल्टिन यांनी वर्णन केलेला साधा नमुना उपयोगी पडतो. १.०४४ मीटर लांबीच्या या ठोकळ्याची मागील वरची बाजू उतरती असते. उताराचा कोन ३० अंशांच्या जवळ येऊ लागला, की रोध वाढत जातो आणि तो ओलांडताच एकाएकी घटतो. २५ अंशांच्या उतारावर काही सूत्रे प्रवाह पृष्ठभागाला धरून राहिलेला दाखवितात, तर काही तो पूर्णपणे सुटलेला दाखवितात. दोन्ही गणितांचे अवशेष खाली आलेले असू शकतात. खरे काय ते मोजमापच सांगते.

म्हणून तपासणीचा क्रम ठरलेला असावा. आधी एकके, क्षेत्रफळ आणि सीमा पाहाव्यात. मग जाळी आणि शेवटी शिथिलन गुणक. आत येणारी आणि बाहेर जाणारी हवा सारखी भरते का, हे मोजावे. जाळी दोनदा अधिक बारीक करूनही रोधगुणक जवळजवळ तोच राहतो का, हे पाहावे. पाठीमागील भोवरे स्वभावतःच हेलकावत असल्यास एका क्षणाचा आकडा न घेता कालसापेक्ष गणित करून सरासरी काढावी. वर दिलेल्या ३०५ न्यूटनांसारखा हाताने केलेला हिशेबही शेजारी मांडून ठेवावा. संगणक विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देतो. प्रश्न नीट विचारला गेला की नाही, हे तपासण्याचे काम अभियंत्याचे आहे.