एम. ए. मास्तर आणि विकतचा कोंबडा

कोंबडे झाकून ठेवले म्हणून उजाडायचे राहत नाही, ही म्हण मी गेली वीस वर्षे वर्गात समजावून देत आलो आहे. तीच म्हण माझ्याच अंगावर कशी उलटली, ती हकिगत सांगतो. ती २०२४ च्या भाद्रपदातली.

आमचे घर रत्नागिरीला, मांडवीत. काळ्या वाळूचा किनारा हाकेच्या अंतरावर. घरामागे नारळीची लहानशी वाडी, मग कमरेएवढा चिऱ्यांचा गडगा, त्यापलीकडे आजी, आणि आजींना लागून काकू. गडगे काय ते माणसांसाठी. कोंबड्या तिन्ही वाड्यांत सारख्याच हक्काने उकरीत हिंडतात. आमच्या चार, काकूंच्या सात, आजींच्या बारा. आमची आपली हौस. आजींचे मात्र औषधपाणी आणि विजेचे बिल अंड्यांवर चाले.

भाद्रपदात आमच्या चारही कोंबड्यांनी अंडी देणे बंद केले. आमचा जुना कोंबडा श्रावणाआधीच मुंगसाने नेला होता. साहजिकच घरीदारी निदान झाले : "कोंबडा नाही, मग अंडी कुठून येणार?" मला ते पटले. शिकलेल्या माणसाला जे पटते ते तो तपासून पाहत नाही. आठवडा बाजारात गेलो, लालभडक तुऱ्याचा, ताठ मानेचा एक कोंबडा पसंत केला आणि घरी आणून थेट वाडीत सोडून दिला. स्वारी पहिल्याच दिवशी गडगा ओलांडून आजींकडे पाहुणचाराला गेली.

सहाव्या दिवशी कोंबडा पंख पाडून कोपऱ्यात बसला. चोच उघडी टाकून श्वास घेऊ लागला, हिरवट पातळ हगू लागला, आणि संध्याकाळी त्याची मान पिळल्यासारखी एका बाजूला वळली. तो गेला. मग आमच्या तीन गेल्या, काकूंच्या पाच, आणि आजींच्या बारांपैकी नऊ. रोज सकाळी खुराड्याचे दार उघडताना आजींचा हात थरथरे.

आता घडायचे ते घडले. आदल्याच आठवड्यात काकू सहज म्हणून गेल्या होत्या, "आजी, तुमच्या कोंबड्या काय सुरेख अंडी देतात हो!" ते वाक्य आजींना आठवले. दृष्ट लागली! गडग्यावरून नको ते शब्द उच्चारले गेले. काकूंच्या पोरीबाळींचाही उद्धार झाला. काकू आजींच्या विहिरीचे पाणी भरीत, ते त्यांनी बंद केले. मी माझ्या पडवीत बसून उत्तरपत्रिका तपासीत होतो. मला तोवर शंकाही नव्हती, असे म्हणायला मला आवडले असते. शंका होती, मी ती झाकून ठेवली होती.

अखेर एक मेलेली कोंबडी पिशवीत घालून पशुवैद्यकीय दवाखान्यात नेली. डॉक्टरांनी पाहिले आणि पहिलाच प्रश्न विचारला, "नवीन पक्षी कुणी आणला होता का?"

"मी," असे म्हणायला मला जरा वेळ लागला.

रोग राणीखेत, आपल्या बोलीत मानमोडी. कुमाऊँच्या डोंगरातल्या राणीखेतचे नाव आपल्याकडे त्याला चिकटले. १९२६ साली तो इंग्लंडात न्यूकॅसलजवळ आढळला म्हणून तिकडे त्याला न्यूकॅसलचा रोग म्हणतात. हा विषाणूचा रोग. विष्ठेतून, पाण्याच्या भांड्यातून, डालग्यातून, एवढेच काय, आपल्या चपलांतूनही पसरतो. रोग जडल्यावर औषध नाही. आधी लस टोचणे हाच उपाय. विकत आणलेला पक्षी दोन-तीन आठवडे वेगळा ठेवायचा असतो, हे मला कुणी सांगितले नव्हते आणि मी विचारलेही नव्हते.

"पण कोंबडा आणलात कशाला?" डॉक्टरांनी विचारले. मी कारण सांगितले. ते हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. कोंबडीला अंडे घालायला कोंबड्याची गरज नसते. तो लागतो पिल्लांसाठी. शहरात आपण डझनावारी आणतो ती अंडी कोंबड्याचे तोंडही न पाहिलेल्या कोंबड्यांचीच, आणि ती कितीही उबवली तरी त्यांतून पिल्लू निघायचे नाही. गांधीजींनी १९४२ साली आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना आरोग्यावर छोटे पुस्तक लिहिले, त्यातही अशा निर्जीव अंड्याचा विचार आहे : ज्याला दूध चालते त्याला ते चालायला हरकत नसावी. शाकाहारी वाचकांशी वाद घालण्याचा माझा मनसुबा नाही. पण कोंबड्याविषयी माझ्यापेक्षा महात्माजींना अधिक ठाऊक होते, हे कबूल केले पाहिजे.

मग अंडी बंद का झाली? दिवस लहान होऊ लागले होते आणि पिसे झडत होती. भरघोस अंडी द्यायला कोंबडीला चौदा-सोळा तास उजेड हवा. रत्नागिरीत मोठ्यातला मोठा दिवसही सव्वातेरा तासांच्या आसपास. नवी पिसे फुटेपर्यंत थांबायचे, चारा नीट द्यायचा आणि शिंपल्यांचा चुरा पुढ्यात ठेवायचा. मांडवीत शिंपल्यांना काय तोटा! एवढ्यावर माझे काम झाले असते.

त्या दिवसापासून मी चौकस झालो. तांबूस कवचाचे अंडे अधिक कसाचे, हा पाहुणेमंडळींचा आवडता समज. कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर असतो आणि बलकाचा तिच्या खाण्यावर. पांढरी अंडी चहाच्या पाण्यात रंगवून 'गावठी' म्हणून विकणारे महाभाग या समजावरच जगतात. टोकदार अंड्यातून कोंबडा निघतो, हे आजींचे शास्त्र. पण नर की मादी हे कवच चढण्यापूर्वीच ठरलेले असते. अडाणी लोकांनाच हसावे असेही नाही. २०२० साली कोंबडीच्या मांसातून कोरोना होतो ही आवई मोबाइलवरून पसरवणारे सगळे वाचता येणारेच होते, आणि तिच्यापायी पोल्ट्रीवाल्यांनी माल मातीमोल भावाने विकला.

हे सगळे ज्ञान घेऊन मी चार दिवस गप्प होतो. पाचव्या दिवशी आजींच्या ओटीवर गेलो.

"आजी, दृष्ट कुणाची नाही. रोग माझ्या कोंबड्याने आणला."

त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मग त्या बायेला मी काय काय बोलले रे मास्तरा!"

तुमच्या कोंबड्यांचे पैसे भरून देतो, म्हणालो, तर त्यांनी हातानेच उडवून लावले. पुढे तिन्ही खुराडी रिकामी करून घासली, चुना मारला, आणि मार्गशीर्षात नवी पिल्ले आणली. आजींची माझ्या खर्चाने, एवढे त्यांनी मानले. आता लस. पण लशीची कुपी शंभर मात्रांची! बर्फात ठेवून आणायची, आणि एकदा पातळ केली की दोनेक तासांत संपवायची. माझी आणि आजींची मिळून पिल्ले तीस. उरलेली मात्रा फेकायची तर काकूंची पिल्ले तशीच राहणार, आणि काकूंची राहिली की आमच्या लशीवरही भरवसा किती ठेवायचा? मी हे आजींना समजावून सांगत होतो, तर त्या मध्येच उठल्या, काठी घेतली आणि गडग्याच्या खिंडारातून पलीकडे गेल्या. तिथे काय बोलणे झाले ते मला ठाऊक नाही. अर्ध्या तासाने काकू डालगे घेऊन आल्या, डोळे पुसलेले.

तिन्हीसांजेला आमच्या पडवीत लसीकरण झाले. अंधारात पिल्ले पळत नाहीत. आजी एकेक पिल्लू ओंजळीत धरीत, डॉक्टरांचा मदतनीस डोळ्यात थेंब सोडी, मी बॅटरी दाखवी. काकू दुसऱ्या डालग्यात पिल्लू सोडताना मोठ्याने मोजीत होत्या, एकेचाळीस, बेचाळीस, त्रेचाळीस...

"मोजू नको गो," आजी घाईघाईने म्हणाल्या, "दृष्ट लागते!"

क्षणभर कुणीच बोलले नाही. मग पहिल्यांदा काकूच हसू लागल्या.