फौजी माणसाच्या मनाची जखम: चार गैरसमज

नांदेड-लातूरकडच्या गावांत माजी सैनिक रात्री दचकून उठू लागला, वरातीतल्या फटाक्याने थरथरू लागला, की घरचे आधी देवऋषी गाठतात. या त्रासाला पीटीएसडी, म्हणजे आघातोत्तर तणावविकार म्हणतात, आणि त्यावर उपचार आहेत.

‘फौजी कुठं घाबरतो का?’
भित्रेपणाचा इथे काही संबंध नाही. मृत्यू जवळून पाहिलेल्या कुणालाही हा विकार जडू शकतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी हादरली, तेव्हा गावं अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून झोपली होती. त्यानंतर मानसोपचारतज्ज्ञ डॉ. मोहन आगाशे यांनी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) प्रकल्पातून भूकंपग्रस्तांच्या मानसिक आरोग्याचा अभ्यास केला. त्या गावांतल्या लोकांना कुणी भित्रं म्हणेल का?

‘गोळ्यांशिवाय इलाज नाही.’
अमेरिकेतल्या सैनिकांसाठीची २०२३ ची उपचार-मार्गदर्शिका औषधांच्या आधी बोलण्याच्या उपचारांना पसंती देते. या उपचारांना नुसता धीर देणं समजू नये. एका पद्धतीत प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञासमोर रुग्ण तो प्रसंग पुन्हा पुन्हा, तपशिलाने सांगतो. टाळलेल्या जागी, गर्दीत, बाजारात हळूहळू जायला लागतो. दुसऱ्या पद्धतीत साधारण बारा बैठकांत ‘माझ्यामुळेच तो गेला’ यासारखे विचार तपासले जातात. ‘ईएमडीआर’ या तिसऱ्या पद्धतीत आठवण मनात धरून डोळ्यांची ठरावीक हालचाल करायची असते. योग-प्राणायामाची जोड चांगलीच, पण तो या उपचारांची जागा घेत नाही. चालू गोळ्या मात्र डॉक्टरांना न विचारता बंद करू नयेत.

‘आठवण काढली की त्रास वाढतो.’
सुरुवातीला थोडा वाढतो, हे खरं. पण आठवण टाळत राहिलं की भीती तशीच जिवंत राहते. सुरक्षित ठिकाणी ती वारंवार समोर आली, की ते सगळं घडून गेलंय, आत्ता घडत नाहीये, हे मनाला उमगू लागतं. दारूने झोप लागल्यासारखी वाटते, पण ती मध्येच मोडते आणि दुखणं आणखी खोल जातं.

‘इतकी वर्षं झाली, आता काय उपयोग?’
कारगिलला पंचवीस वर्षं उलटली तरी उपचारांना उशीर झालेला नाही. व्हिएतनाम युद्धातल्या सैनिकांनाही कैक वर्षांनी याच पद्धतींचा उपयोग झाला.

माजी सैनिकांनी ईसीएचएस या त्यांच्यासाठीच्या आरोग्य योजनेच्या दवाखान्यात किंवा नांदेड, लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभागाची चौकशी करावी. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर चोवीस तास मराठीत बोलता येतं. घरच्यांनो, तो स्वतःहून फोन करणार नसेल, तर तुम्ही करा.