बाळाची टाळू का उडते?

मुळशी तालुक्यात पौडला किंवा ताम्हिणीच्या वाटेवरच्या एखाद्या गावात आजी तान्ह्या बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालत असेल, तर जरा जवळ जाऊन पाहा. बाळाच्या डोक्यावर पुढच्या बाजूला एक मऊ जागा लयीत वरखाली होताना दिसेल. 'टाळू उडते' म्हणतात ती हीच. तुमच्या डोक्यावर हात फिरवा. अशी मऊ जागा सापडते का? नाही ना! मग ती बाळालाच का असते?

कारण तेथे अजून हाडच तयार झालेले नसते, फक्त एक चिवट पडदा असतो. आतल्या रक्तवाहिन्यांचे ठोके त्या पडद्यावर उमटतात.

सुटी हाडे, मोठा फायदा

नवजात बाळाच्या कवटीची हाडे एकमेकांना घट्ट जोडलेली नसतात. कपाळाचे हाडसुद्धा दोन तुकड्यांत असते! त्यामुळे जन्माच्या वेळी ही हाडे कडांशी थोडी एकमेकांवर सरकतात आणि डोके अरुंद वाटेतून बाहेर येऊ शकते.

दुसरा फायदा मेंदूच्या वाढीचा. जन्मतः मेंदूचे वजन सुमारे ३५० ते ४०० ग्रॅम असते, तर प्रौढ माणसात ते १३०० ते १४०० ग्रॅम होते. बाळाच्या डोक्याचा घेर जन्मतः सुमारे ३५ सेंटिमीटर असतो आणि वर्षभरात तो ४६ च्या आसपास जातो. म्हणजे एका वर्षात ११ सेंटिमीटर! मेंदू वाढला की हाडांच्या कडांशी, म्हणजे शिवणींशी, नवे हाड तयार होत जाते. एखादी शिवण वेळेआधीच बंद झाली, तर डोक्याचा आकार वेडावाकडा होतो. डॉक्टर बाळाच्या डोक्याला फीत लावतात ती यासाठीच.

मागची लहान टाळू दोन-तीन महिन्यांत भरते. पुढची मोठी टाळू बहुधा एक ते दीड वर्षात भरते. ती तेलाने भरत नाही बरे का, हाडाच्या वाढीने भरते!

खोक्याच्या पुठ्ठ्यासारखी रचना

तान्ह्या बाळाच्या कवटीचे हाड पातळ, एकाच थराचे आणि लवचीक असते. साधारण चौथ्या वर्षापर्यंत त्याचे तीन थर दिसू लागतात. बाहेर आणि आत घट्ट हाड, मध्ये जाळीदार हाड. खोक्याचा पुठ्ठा फोडून पाहा. दोन सपाट कागदांमध्ये नागमोडी कागद असतो. म्हणूनच तो हलका असून मजबूत असतो.

शिवणी मात्र मोठेपणीही बराच काळ पूर्ण मिटत नाहीत. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून तेथे उत्खनन केले. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचे लोक दगावलेल्या बाळांना तोंडाला तोंड लावलेल्या दोन रांजणांत ठेवून घरातच पुरत, असे दिसून आले. मातीत अशा बाळांच्या कवटीची हाडे पाकळ्यांसारखी सुटी होतात. हाडांच्या आणि दातांच्या वाढीवरून संशोधक मृत्यूसमयीचे वय ठरवतात.

तुम्ही काय करू शकता?

धाकट्या भावंडाला जुलाब होऊन टाळू खोल गेलेली दिसली, तर शरीरातले पाणी कमी झाले आहे असे समजा. जलसंजीवनी सुरू करायला सांगा आणि डॉक्टरांकडे न्या. ताप असताना, बाळ शांत असूनही टाळू फुगलेली दिसली, तर क्षणभरही थांबू नका. डोक्याला आकार यावा म्हणून टाळू कोणी दाबत असेल, तर त्यांना थांबवा.

कवटी कितीही मजबूत झाली, तरी जोराच्या आपटीने आतला मेंदू हादरतोच. फेब्रुवारी २०२३ पासून मोटारसायकलवर नेल्या जाणाऱ्या नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांनाही शिरस्त्राण आवश्यक ठरले आहे. ताम्हिणी घाटात जाताना तुम्हीही ते घाला!

करून पाहा : शिंप्याची फीत घेऊन घरातल्या प्रत्येकाच्या डोक्याचा घेर मोजा. वय आणि घेर यांचा आलेख काढा. चढ कोठे सर्वांत जास्त आहे, ते तुम्हीच सांगा.